पाय गरम झाला, पण कशाने?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. फजरची नमाज आटोपून अम्मी दिवाणावर पाय पसरून बसली होती. दोन्ही गुडघ्यांच्या खाली, नडगीच्या बाहेरच्या बाजूला चिकट पट्ट्या, पट्ट्यांना वायरी आणि शेजारी मोबाइलएवढे एक मशीन. पट्टीखालचा स्नायू एका लयीत उडत होता. वीस मिनिटांनी मशीन आपोआप बंद झाले. अम्मीने उजवा तळपाय चाचपला आणि आतल्या खोलीत आवाज दिला, "देख तो, पाँव गरम हो गया!" आम्ही धावत गेलो, हात लावला. खरेच गरम होता. घरात सगळ्यांना आनंद झाला. साडेआठ हजार रुपये वाया गेले नाहीत, असे आम्ही मनातल्या मनात म्हटलेही.

तो आनंद दोन दिवस टिकला.

अम्मीला अठरा वर्षांपासून शुगर आहे. तीन-चार वर्षांपासून पायांना मुंग्या येतात आणि रात्री पाय बर्फात ठेवल्यासारखे वाटतात. गल्लीतल्या एका खालांनी तिला शादीखान्यात भरलेल्या मोफत शिबिराला नेले. तिथे हे मशीन होते. चिनी ॲक्युपंक्चरचे पॉइंट, पण सुई नाही, रक्त नाही, नुसता विजेचा सौम्य झटका. मशीन विकणारा गृहस्थ म्हाताऱ्या माणसांचे हात हातात घेई, रंग बदलणारी तापमानाची पट्टी बोटावर चिकटवी, पंधरा मिनिटे मशीन चालवी आणि मग पट्टी सगळ्यांना दाखवी. रंग बदललेला असे. "बंद नसा उघडल्या, रक्त सुरू झाले," असे तो म्हणे. लोक भराभर पैसे काढत.

आता विचार करता दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे लोक थंडीतून मोटारसायकलवर, रिक्षातून आलेले होते. बंद दालनात शंभर माणसांच्या उबेत बसून गरम चहा प्यायल्यावर कोणाचेही हात पंधरा मिनिटांत गरम होतात. दुसरी गोष्ट भाषेची आहे. आपल्या बोलण्यात 'नस' हा एकच शब्द रक्तवाहिनीलाही चालतो आणि मेंदूपर्यंत संवेदना नेणाऱ्या चेतातंतूलाही. अम्मीच्या पायातली कोणती नस बिघडली आहे हे त्या गृहस्थाने विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

तरी त्या मशीनला निव्वळ थोतांड म्हणून मोकळे होता येत नाही. ठरावीक बिंदूवर विजेची सूक्ष्म स्पंदने दिली तर त्वचेचे तापमान बदलू शकते, हे प्रयोगशाळेत पाहिले गेले आहे. ते कसे घडते हे समजले, तर कोणत्या उबेवर खूश व्हायचे आणि कोणत्या उबेला घाबरायचे हेही समजते.

त्वचेचे तापमान म्हणजे ताप नव्हे. शरीराच्या आत सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते, ते फारसे हलत नाही. हातापायांची कातडी मात्र दिवसभर खालीवर होत असते. उबदार खोलीत तळहात ३२-३३ अंशांवर असतो, तर थंडीत बोटांची टोके २२-२३ पर्यंतही उतरतात. कातडीला स्वतःची शेगडी नाही; रक्त जेवढे येईल तेवढी ऊब. आरामात बसलेल्या माणसाच्या संपूर्ण त्वचेतून मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त फिरते. कडक उष्म्यात शरीर घामाघूम झाले की हाच आकडा सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतो.

एवढा फरक कोण करतो? आमच्या भागात कालव्याचे पाणी कोणाच्या शेताला किती वेळ सोडायचे ते पाटकरी ठरवतो. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा पाटकरी म्हणजे अनुकंपी चेतासंस्था. तिने दार आवळले की बोटे गार, सैल सोडले की बोटे गरम. थंडी वाजली की ती दार आवळते. भीती वाटली तरी आवळते. तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या मुलाचा हात हातात घेऊन पाहा, जूनमध्येसुद्धा गार लागेल.

विजेची पट्टी काम करते ती या पाटकऱ्यावर. कातडीखालच्या आणि स्नायूतल्या चेतातंतूंना ती चाळवते. तो संदेश मज्जारज्जूत आणि मेंदूत जातो आणि तिथून दार सैल करण्याचा किंवा आवळण्याचा हुकूम परत येतो. म्हणूनच हाताला पट्टी लावून पाय गरम होण्याची शक्यता असते. त्यासाठी कोणतीही बंद नळी उघडावी लागत नाही. चरबीने बुजलेली रक्तवाहिनी अशा मशीनने मोकळी होत नाही.

अम्मीच्या पट्ट्या जिथे होत्या त्या बिंदूला चिनी भाषेत 'झूसानली' म्हणतात, म्हणजे 'पायाचे तीन ली'. ली हे तिकडचे अंतराचे जुने माप. थकलेल्या वाटसरूने हा बिंदू दाबला तर तो आणखी तीन ली चालू शकतो, असा नावाचा लोकप्रिय अर्थ सांगतात. दुसरा प्रसिद्ध बिंदू 'हेगू', हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल खळग्यात. प्रयोगांमध्ये हाच बिंदू वारंवार भेटतो.

सुईला वीज जोडण्याची कल्पना मात्र चीनमधून नव्हे, फ्रान्समधून आली. सारलांदिएर नावाच्या डॉक्टरांनी १८२५ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. चीनमध्ये विजेचे ॲक्युपंक्चर जोरात आले ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. जगाचे लक्ष तिकडे गेले १९७१ साली. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये असताना त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. शस्त्रक्रिया नेहमीची भूल देऊनच झाली. नंतर पोटात अस्वस्थता वाढली तेव्हा त्यांना सुया टोचल्या, आणि त्यांनी घरी वर्तमानपत्राला त्याची हकीकत पाठवली. पुढे लोकांनी 'भुलीशिवाय ऑपरेशन झाले' अशी तिची कहाणी करून टाकली. औषधोपचाराच्या बातम्या तोंडोतोंडी कशा फुगतात याचे हे चांगले उदाहरण आहे.

आपल्याकडे ही विद्या येण्याचा एक धागा थेट आमच्या जिल्ह्याशी जुळतो. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक युद्धग्रस्त चीनला गेले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यात होते. ते तिथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू मात्र परत आले. पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि भारतात त्यांनी ते रुजवले. आम्ही बीएडला सोलापुरात होतो. कोटणीसांचे नाव रोज कानावर पडे, पण त्या पथकाचा आणि सुईचा संबंध आम्हाला अम्मीच्या पायामुळे कळला.

पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात हान जीशेंग यांनी १९६५ पासून याची शास्त्रीय तपासणी सुरू केली. त्यांच्या कामातून दिसले की विजेच्या स्पंदनांचा वेग बदलला की शरीरात पाझरणारी वेदनाशामक द्रव्येही बदलतात: सेकंदाला २ स्पंदनांनी एक प्रकार, १०० स्पंदनांनी दुसरा. म्हणजे कुठे लावले एवढेच पुरत नाही, किती वेगाने लावले हेही बघावे लागते. अम्मीच्या मशीनवर १ ते ९ आकड्यांचे बटण आहे. त्यातला कोणता आकडा म्हणजे किती स्पंदने, हे माहितीपत्रकात कुठेच नाही.

तापमानाबद्दलचा एक नावाजलेला प्रयोग १९८५ सालचा. मोनिक अर्न्स्ट आणि मॅथ्यू ली यांनी निरोगी माणसांच्या हेगू बिंदूवर सुई लावली, कधी नुसती हाताने फिरवून, कधी वीज जोडून, आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांची त्वचा पाहिली. दोन्ही प्रकारांत शरीराला सर्वदूर, बराच वेळ टिकणारी ऊब आली. पण वीज जोडली तेव्हा त्या उबेबरोबर, उत्तेजन दिलेल्या भागात थोडा वेळ थंडावाही आला. पाटकऱ्याने आधी दार आवळले, मग सैल सोडले म्हणा. विक्रेत्याच्या पत्रकात हा थंडावा कधी येत नाही.

आमच्या कामाचा प्रयोग त्याच्याही आधीचा, नॉर्वेमधला. बिर्गर कोडा यांनी १९८२ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांच्याकडचे रुग्ण मोजकेच होते. काहींना रेनॉचा त्रास, म्हणजे थंडीत बोटे पांढरी-निळी पडण्याचा. फ्रान्सच्या मोरिस रेनॉ यांनी तो १८६२ मध्ये वर्णन केला होता. काहींना मधुमेहामुळे चेतातंतूंचा विकार, अम्मीसारखाच. सुई नाही, पट्टीच. हेगूच्या जागी, मंद वेगाने. पंधरा ते तीस मिनिटे काही होत नसे, मग तापमान एकदम चढे. २२-२४ अंशांवरचे हातपाय ३१-३४ वर जात आणि ही ऊब चार ते सहा तास टिकत असे.

हे वाचून आम्हाला वाटले की विक्रेता खरेच बोलत होता! पण मोजक्या रुग्णांवरून सगळ्यांचा निकाल लावता येत नाही. रेनॉच्या रुग्णांवर इतरांनी असेच मशीन लावून पाहिले, तेव्हा बोटांतला रक्तप्रवाह सुधारला नाही असेही अहवाल आले. शिवाय कोडांनी मोजली ती ऊब. ऊब आली म्हणून मेलेला चेतातंतू जिवंत झाला, असा त्याचा अर्थ निघत नाही.

आता त्या दोन दिवसांकडे येतो.

दुसऱ्या दिवशी उत्साहाच्या भरात आम्ही शाळेतले कपाळाचे तापमान मोजणारे थर्मामीटर घरी आणले. करोनाच्या काळात प्रत्येक शाळेला ते घ्यावे लागले, आता कपाटात पडून असते. अम्मीच्या डाव्या पायावर धरले तर त्यावर नुसते 'लो' उमटले. ही थर्मामीटरे माणसाच्या तापासाठी जुळवलेली असतात. पायासारखी गार जागा मोजायची तर बटण दाबून 'सरफेस' प्रकारावर न्यावे लागते. तसे केले. डावा तळपाय २९.८, उजवा ३३.६. आम्ही आकडे वहीत लिहिले आणि शाळेत जाऊन विज्ञानाच्या सरांना अभिमानाने दाखवले.

सरांनी वही पाहिली आणि विचारले, "पट्ट्या दोन्ही पायांना लावता ना? मग एकच पाय गरम कसा?"

वीस वर्षे मुलांना 'निरीक्षण करा, तुलना करा' असे शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न स्वतःला पडू नये, याची लाज वाटली. सर एवढेच म्हणाले, "उद्या मशीन लावायच्या आधी मोजा."

मोजले. रात्रभर मशीन बंद होते, तरी उजवा तसाच गरम. आम्ही चष्मा लावून तळवा उजेडात धरला. अंगठ्याच्या मुळाशी जाड घट्टा होता आणि त्याच्या कडेला काळसर लाल रेघ. दाबले तर अम्मीला काहीच कळले नाही. दुपारी डॉक्टरांनी घट्टा खरवडला, आतून पू आला. चपलेच्या घर्षणाने घट्ट्याखाली फोड झाला होता, तो चिघळला होता. आम्ही मिठाई वाटायचे बाकी ठेवले होते ती ऊब जखमेची होती.

डॉक्टरांनी समजावले ते ऐकून आमची शुगरबद्दलची समजूतच उलटी झाली. मधुमेहात चेतातंतू बिघडतात तेव्हा दुखणे कळवणारे तंतू जातात, तसा तो पाटकरीही जातो. मग दार कायम उघडे. पाय कोरडा, कोमट, शिरा फुगलेल्या आणि बधिर. रुग्णाला पाय गार पडल्याचा भास होतो, पण हात लावला तर गार नसतो. उलट पाय खरोखरच गार असेल तर मोठी रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. त्यासाठी पायाची नाडी पाहावी लागते, घोटा आणि दंड इथला रक्तदाब मोजून तुलना करावी लागते. आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम असेल तर आत काहीतरी सुजते, चिघळते आहे किंवा हाड हलले आहे, असा संशय घ्यायचा. तीन वेगळे पाय, तीन वेगळे इलाज. शादीखान्यात तिघांनाही एकच मशीन मिळाले.

डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक तंतू काढला, दहा ग्रॅम जोर पडला की वाकणारा, आणि अम्मीला डोळे मिटायला सांगून तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. अम्मी "हां" म्हणायची वाट पाहत आम्ही उभे राहिलो. उजव्या तळव्यावर एकदाही 'हां' आला नाही.

त्यांनी थर्मामीटर मात्र फेकायला सांगितले नाही. अमेरिकेत मधुमेही रुग्णांना घरी असेच थर्मामीटर देऊन पाहिले गेले आहे. रोज दोन्ही तळव्यांवर ठरलेल्या सहा जागा मोजायच्या, डाव्याची उजव्याशी तुलना करायची. एकाच जागी दोन पायांत २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक आला तर चालणे कमी करून दवाखान्याला कळवायचे. असे करणाऱ्यांना पायाच्या जखमा कमी झाल्या. अम्मीचा फरक ३.८ होता. साधन आमच्या हातात होते, आकडाही समोर होता, आम्ही त्याचा अर्थ उलटा लावला.

तीन आठवडे ड्रेसिंग, गोळ्या आणि पाय टेकायची मनाई. अम्मीने नमाज खुर्चीवर बसून पढली. बोट वाचले, अल्हमदुलिल्लाह.

जखम भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, आम्ही मशीनचीही परीक्षा घेतली. एका सकाळी पट्ट्या लावून मशीन वीस मिनिटे चालू. दुसऱ्या सकाळी त्याच पट्ट्या, तीच रजई, वीस मिनिटे, पण मशीन बंद. दोन्ही दिवशी आधी पाव तास पाय उघडे ठेवून खोलीच्या हवेला सरावू दिले. आठवडाभर असे आलटून पालटून केले. पाय दोन्ही प्रकारे थोडा गरम झाला, आणि वही पाहून मशीन कोणत्या दिवशी चालू होते ते सांगता आले नसते. एका घरातल्या एका अम्मीवरून नॉर्वेतले निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. पण आमच्या घरात ऊब रजईची होती हे आम्हाला पटले. अम्मीला मात्र पूर्ण पटलेले नाही. मशीन लावले की गुडघ्याला बरे वाटते असे ती म्हणते. वेदनेसाठी अशी स्पंदने दवाखान्यातही वापरतात, त्यामुळे आम्ही वाद घालत नाही. पट्टी बधिर कातडीवर येणार नाही एवढे पाहतो, कारण बधिर जागी चटका बसला तरी कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेले पाय दवाखान्यात दर हिवाळ्यात येतात, असे डॉक्टर म्हणाले.

ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी असे मशीन आपल्या मनाने लावू नये. गरोदर बाईने हेगूवर सुई किंवा वीज घेऊ नये, हा इशारा तर खुद्द चिनी परंपरेतच आहे. ज्यांना ॲक्युपंक्चर घ्यायचेच आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली चिकित्सकांची नोंदणी होते. नोंदणी विचारण्यात संकोच कसला? शिबिरातल्या गृहस्थाचा फोन आता लागत नाही.

अम्मीचा दिनक्रम थोडा बदलला आहे. वुजू करताना पायाच्या बोटांमध्ये खिलाल ती आधीही करायची. आता नंतर प्रत्येक फट मऊ कापडाने कोरडी करते. तळवा तिला वाकून दिसत नाही, म्हणून जमिनीवर छोटा आरसा ठेवला आहे. इशानंतर आमची धाकटी थर्मामीटर धरते आणि वहीत बारा आकडे लिहिते. शाळेचे थर्मामीटर परत केले, घरचे नवे घेतले.

गेल्या जुम्याला त्याच खाला आल्या. त्यांनाही शुगर आहे आणि त्यांच्याही घरी तेच मशीन. वही पाहून म्हणाल्या, "हमारा भी देख, बेटा." धाकटीने मोजले. डाव्या अंगठ्याखाली २.६ चा फरक. अम्मीने काही न बोलता दारातली त्यांची चप्पल उचलली आणि आत हात घालून बोटे फिरवली. टाचेकडून पुढे येत येत तिचा हात थांबला. तळातून एक बारीक खिळा वर आला होता.